कोयता : अवजार, शस्त्र आणि लोकमानस
(हत्यारांची नावे व धोक्याची सामाजिक जाणीव : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

शिरूर व दौंड तालुक्यांतील कोणत्याही आठवडे बाजारात लोखंडी अवजारांची एखादी पथारी हमखास आढळते. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, कुदळी यांच्या रांगेत कोयतेही मांडलेले असतात. ग्राहक धार अंगठ्याने चाचपून पाहतो, मुठीची पकड बघतो, भाव करतो आणि कोयता पिशवीत घालून घरी जातो. या व्यवहाराकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्याच बाजारातील चहाच्या दुकानात पडलेल्या वर्तमानपत्रात मात्र 'कोयता' हा शब्द जाड ठशात छापलेला असतो आणि तो वाचताना वाचकाच्या मनात भय दाटून येते. वस्तू एकच, शब्दही एकच. परंतु पथारीवरील कोयता आणि मथळ्यातील कोयता यांचे अर्थ परस्परांपासून फार दूर गेलेले आहेत.

धारदार वस्तूंविषयी समाजाला वाटणारे भय त्या वस्तूच्या पात्याच्या लांबीवर किंवा धारेवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते तिच्या नावावर आणि त्या नावाभोवती जमलेल्या कथांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हा विचार कोयत्याच्या उदाहरणाने स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. कोयत्याचे मूळ कार्य, त्याच्या नावाचा प्रवास, कायद्याची दृष्टी, परदेशातील तत्सम अनुभव आणि अखेरीस या नावाची किंमत समाजातील कोणता घटक मोजतो, या क्रमाने हे विवेचन केले आहे.

शस्त्र, हत्यार आणि अवजार

मराठीत धारदार साधनांसाठी तीन सामान्यनामे रूढ आहेत. 'शस्त्र' हा संस्कृत शब्द प्रतिष्ठेचा आहे. शस्त्रपूजन, शस्त्रसंधी, निःशस्त्र प्रतिकार अशा शब्दांत त्याला युद्धाचे व शौर्याचे वलय लाभलेले दिसते. 'अवजार' हा फारसीतून आलेला शब्द श्रमाचा आहे. त्यात हिंसेची छटा नाही. या दोहोंच्या मध्ये 'हत्यार' हा शब्द उभा आहे. त्याचे नाते 'हात' या शब्दाशी आहे, म्हणजे मुळात ते हाताने वापरावयाचे साधन होय. सुतार आपल्या करवत-पटाशीला आजही 'हत्यारे' म्हणतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पोलिसांच्या पंचनाम्यातील 'हत्यार' मात्र गुन्ह्याचे असते. 'हत्या' या शब्दाशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे ही दुसरी छटा अधिकच गडद झाली असावी.

खंडेनवमीच्या दिवशी हे तिन्ही अर्थ एकत्र येतात. 'खंडा' म्हणजे सरळ पात्याची तलवार. त्यावरून या दिवसाला हे नाव मिळाले. तथापि, त्या दिवशी तलवारीप्रमाणेच नांगर, विळा, कोयता, शिवणयंत्र, ट्रॅक्टर यांचीही पूजा होते. पूजेच्या पाटावर शस्त्र आणि अवजार असा भेद केला जात नाही, कारण दोन्ही साधने पोशिंद्याची किंवा रक्षकाची म्हणून पाहिली जातात.

विशेषनामांकडे पाहिले असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मध्ययुगीन शस्त्रांची काही नावे मुद्दाम धाक निर्माण करणारी होती. विंचवाच्या नांगीसारख्या वळणाच्या कट्यारीस 'बिचवा' म्हटले गेले. मुठीत दडवावयाच्या नखांना 'वाघनखे' हे नाव मिळाले. काठीत लपविलेल्या पात्यास 'गुप्ती' म्हटले गेले आणि त्या नावातच दगा सूचित झाला. याउलट छत्रपती शिवाजी महाराजांच्या तलवारीस 'भवानी' हे देवतेचे नाव लाभल्याने तेथे भयाऐवजी श्रद्धा निर्माण झाली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनार्थ आली, तेव्हा ती पाहण्यासाठी लोकांनी गर्दी केली. अफजलखान प्रसंगी वापरलेली वाघनखे हीच, असे निश्चितपणे सांगता येत नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतः स्पष्ट केले होते. तरीही नावाचे सामर्थ्य कमी झाले नाही. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ मधील संगीत नाटकाच्या शीर्षकात 'कट्यार' काळजात घुसते, परंतु मराठी रसिकाला त्या शब्दाने प्रथम आठवतात ते सूर. शब्दाला भय चिकटते ते अशा प्रकारे परंपरेने आणि प्रसंगाने. ते धातूत नसते.

घरातील उदाहरण तर रोजचे आहे. मराठी स्वयंपाकघरातील विळीचे पाते अनेक चाकूंपेक्षा मोठे असते आणि ते वर उघडे असते. तरीही 'विळी' या शब्दाने कोणाच्या अंगावर काटा येत नाही. विळा तर राजकीय पक्षांच्या निवडणूक चिन्हांतही आहे आणि मतदार त्यात शेतकरी पाहतो.

शिरूर-दौंडचा कोयता

'कोयता' हा शब्द कापणे, खुडणे, कापणी करणे या अर्थाच्या 'कोय्' या द्राविडी धातूशी जोडला जातो; कन्नडमध्ये हे क्रियापद आजही कापणीसाठी वापरले जाते. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीनेही हा शब्द रणांगणावरील नसून शिवारातील आहे. प्रदेशानुसार त्याचे रूप बदलते. कोकणात कमरेच्या आकडीला अडकविलेली कोयती नारळ सोलण्यापासून झाडी तोडण्यापर्यंत सर्व कामांत येते. देशावरील ऊसतोडीचा कोयता त्या मानाने आखूड व रुंद पात्याचा असतो.

भीमा, मुळा-मुठा आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या दोन तालुक्यांत उसाचे अर्थकारण खोलवर रुजलेले आहे. पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना आणि न्हावरे येथील घोडगंगा सहकारी साखर कारखाना या संस्थांची नावे परिसराच्या राजकीय-सामाजिक इतिहासाशी जोडली गेली आहेत. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांनाही तोडलेला ऊस लागतो. कापणीयंत्रे वाढत असली तरी लहान क्षेत्रांत आणि ओल्या रानांत ऊसतोड अद्याप मोठ्या प्रमाणावर हातानेच होते.

ही तोड कौशल्याची आहे. उसाच्या बुडाकडील भागात साखरेचे प्रमाण अधिक असते, म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. वर राहिलेले खोड म्हणजे नुकसान. त्यानंतर पाचट काढणे, शेंड्याचे वाढे छाटणे, मोळी बांधणे आणि ती गाडीत भरणे, हा क्रम असतो. यासाठी पाते रुंद व वजनदार हवे, म्हणजे एका घावात बूड तुटते. मूठ आखूड हवी, म्हणजे वाकून काम करता येते. आणि धार रोज कानशीने लावून घ्यावी लागते. रस्त्याकडेला भाता पेटवून बसणारे घिसाडी आणि गावचे लोहार अनेकदा वाहनांच्या जुन्या पाट्यांपासून अशी पाती घडवितात व त्यांना पाणी पाजतात. ज्या गुणांमुळे कोयता उत्तम अवजार ठरतो, नेमके तेच गुण गुन्हेगाराच्या हाती त्याला घातक बनवितात. त्यातच तो स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध असतो.

ऊसतोडीच्या भाषेत मात्र 'कोयता' हे केवळ वस्तूचे नाव राहिलेले नाही. बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या मजुरांमध्ये पती-पत्नीच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात; एकट्या मजुरास 'अर्धा कोयता' म्हणतात. मुकादम टोळी ठरविताना माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. आगाऊ रक्कम, म्हणजे 'उचल', कोयत्यामागे ठरते. मजुरीवाढीसाठी संप पुकारला की त्याला 'कोयता बंद' म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढीचा करार झाला, त्याआधीही कोयता खाली ठेवण्याचा इशारा हेच मजुरांचे साधन होते. अशा रीतीने या शब्दात एका संसाराचे, एका कर्जाचे आणि एका हंगामाचे माप सामावलेले आहे. या मोजमापात व्यक्ती लुप्त होते हा त्यातील दोष खराच. पत्नीच्या श्रमाचा स्वतंत्र हिशेब होत नाही आणि जोडी पूर्ण व्हावी म्हणून मुलींची लग्ने लवकर उरकली जातात, हे अभ्यासकांनी व कार्यकर्त्यांनी वारंवार निदर्शनास आणले आहे. परंतु या अर्थात हिंसेचा लवलेश नाही.

रामपुरी ते 'कोयता गँग'

गावाचे किंवा वस्तूचे नाव भयसूचक होण्याची प्रक्रिया नवी नाही. उत्तर प्रदेशातील रामपूर येथे घडविला जाणारा घडीचा चाकू हा मुळात कारागिरीचा नमुना होता. हिंदी चित्रपटांनी त्याला खलनायकाच्या हाती दिले. 'वक्त' (१९६५) या चित्रपटातील चाकूचा प्रसंग आजही लोकांच्या स्मरणात आहे. पुढील दोन दशकांत 'रामपुरी' हे विशेषण मुंबईच्या गल्लीगुंडांचे नाम बनले. चाकू कोठलाही असो, हिसका दाखवून उघडला की तो 'रामपुरी'. एका शहराची ओळख अशी एका पात्याशी बांधली गेली. काळाच्या ओघात गावठी पिस्तुले सुलभ झाली, चित्रपटांची भाषा बदलली आणि रामपुरीचे भय ओसरले. मार्च २०२३ मध्ये रामपूर शहरात सुमारे २० फूट लांबीच्या चाकूची प्रतिकृती चौकात उभारण्यात आली. जे नाव एकेकाळी धाकाचे होते, ते आता पर्यटकांसाठी अभिमानाचे झाले. पाते तेच राहून त्याचा अर्थ दोनदा बदलला.

कोयत्याचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. पुणे शहर व उपनगरांत टोळक्यांनी कोयते घेऊन वाहने फोडण्याच्या, लुटण्याच्या आणि हल्ले करण्याच्या घटना २०२२ च्या उत्तरार्धात ठळकपणे पुढे आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी हा प्रश्न नागपूर अधिवेशनात विधानसभेत उपस्थित केला. त्याच महिन्याच्या अखेरीस शहराच्या दक्षिण भागात दोन तरुण कोयते परजत जाणाऱ्या-येणाऱ्यांवर धावून जात असल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. 'कोयता गँग' हा शब्दप्रयोग याच सुमारास मथळ्यांत स्थिरावला. २०२३ च्या प्रारंभी पुणे पोलिसांनी कोयता खरेदी करणाऱ्यांची ओळखपत्रे पाहून नोंद ठेवण्याच्या सूचना विक्रेत्यांना केल्या. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत भर रस्त्यात एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांनी जीव धोक्यात घालून तिला वाचविले. या घटनेने राज्य हादरले आणि तो हल्ला कोणत्याही टोळीचा नसतानाही भयाची सारी भाषा 'कोयता' या शब्दाभोवतीच फिरत राहिली.

येथे एक बाब नीट समजून घ्यावयास हवी. 'कोयता गँग' नावाची एखादी संघटित टोळी, तिचा म्होरक्या आणि तिचे ठरलेले सदस्य असे चित्र या शब्दातून उभे राहते. वस्तुतः हे नाव परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक टोळक्यांना, एकाकी हल्लेखोरांना आणि अल्पवयीन मुलांच्या गटांनाही एकत्रच लावले गेले. 'चड्डी-बनियन गँग' या नावाचेही पूर्वी असेच झाले होते. गुन्हेगारांच्या पेहरावावरून पडलेले नाव वेगवेगळ्या ठिकाणच्या वेगवेगळ्या टोळ्यांना लावले जाऊ लागले. नाव एक झाले की घटनाही एकाच मालिकेतील वाटू लागतात आणि भय घटनांच्या संख्येपेक्षा वेगाने वाढते. गुन्हे खरे होते आणि जखमी माणसेही खरी होती, याबद्दल दुमत नाही. प्रश्न एवढाच की, त्या गुन्ह्यांना दिलेल्या नावाने ते समजून घेण्यास मदत झाली की अडथळा आला.

या नावाचा दुसरा परिणाम तरुणांवर झाला. समाजमाध्यमांवर कोयता हाती धरून छायाचित्र टाकणे, वाढदिवसाचा केक तलवारीने किंवा कोयत्याने कापणे, अशा प्रकारांवरून ठिकठिकाणी गुन्हे नोंदविले गेले. या मुलांना पात्याची गरज नव्हती. त्यांना नाव हवे होते. विळा किंवा खुरपे हाती घेऊन कोणी छायाचित्र काढीत नाही, कारण त्या शब्दांना मथळ्यांनी तशी किंमत मिळवून दिलेली नाही.

कायदा काय पाहतो?

लोकमानस नाव पाहते. भारतीय कायदा प्रामुख्याने रचना, प्रसंग आणि कृती पाहतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये हल्ला किंवा बचाव यांसाठी शस्त्र म्हणून घडविलेल्या अथवा तसे रूप दिलेल्या वस्तूंना 'शस्त्र' म्हटले आहे व त्यात धारदार आणि प्राणघातक हत्यारांचा समावेश केला आहे. त्याच व्याख्येत, केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू शस्त्र ठरत नाहीत, असे स्पष्ट म्हटले असून लाठी व साधी हातकाठी यांची उदाहरणे दिली आहेत. या अधिनियमाखालील नियमांत (पूर्वीचे १९६२ चे आणि सध्याचे २०१६ चे) तलवारी, खंजीर, संगिनी, भाले यांबरोबर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. मात्र घरगुती, शेतकी, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी घडविलेली साधने तेथेही वगळली आहेत. ऊसतोडीच्या कोयत्याचे पाते २ इंचांहून रुंद असले तरी केवळ मापामुळे तो शस्त्र ठरत नाही, याचे कारण हे अपवादात्मक वाक्य होय. शिवाय बंदुकीव्यतिरिक्तच्या शस्त्रांसाठी परवाना आवश्यक करण्याची अधिनियमातील तरतूद (कलम ४) केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांपुरती लागू होते.

याचा अर्थ कोयता घेऊन कोठेही फिरावे असा नव्हे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम) याच्या कलम ३७ अन्वये सक्षम अधिकारी शांतता राखण्यासाठी ठरावीक क्षेत्रात व ठरावीक काळासाठी शस्त्रे, तलवारी, भाले, सुरे, काठ्या, तसेच शारीरिक इजा करण्यास वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास मनाई करू शकतात. आदेशाचा भंग केल्यास कलम १३५ नुसार शिक्षा होते. येथे वस्तूची रचना गौण ठरते. काळ, स्थळ आणि प्रसंग महत्त्वाचे ठरतात.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष हल्ल्याचा. भारतीय दंड संहितेची कलमे ३२४ व ३२६ आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ११८ यांत घातक साधनाने दुखापत करण्याच्या अपराधाची तरतूद आहे. भोसकण्याचे, कापण्याचे वा गोळी झाडण्याचे साधन, किंवा हल्ल्यासाठी वापरल्यास मृत्यू ओढवण्याची शक्यता असलेले कोणतेही साधन त्यात येते. येथे विळी, दगड, कोयता किंवा तलवार यांत नावाने भेद होत नाही.

थोडक्यात, एकाच कोयत्याला कायद्यासमोर तीन रूपे आहेत. उसाच्या फडात तो अवजार आहे. मनाई आदेशाच्या काळात शहराच्या चौकात तो प्रतिबंधित वस्तू ठरू शकतो. कोणाच्या अंगावर उगारला व चालविला गेल्यास तो घातक साधन आहे. कायद्याने हा विवेक नावावर सोपविलेला नाही, ही त्यातील शहाणपणाची बाजू होय.

परदेशातील अनुभव

नावाने भय निर्माण होते आणि त्या भयातून कायदा घडतो, याची उदाहरणे पाश्चात्त्य देशांत आढळतात. अमेरिकेत कळ दाबताच पाते उघडणाऱ्या चाकूविरुद्ध १९५० मध्ये एका महिलांच्या मासिकात 'प्राण घेणारे खेळणे' अशा आशयाच्या शीर्षकाचा लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या काळात तरुण टोळ्यांवरील चित्रपटांत हा चाकू सातत्याने दिसू लागला. १९५८ मध्ये अमेरिकेने त्याच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आणली आणि १९५९ मध्ये ब्रिटननेही तसाच कायदा केला. एरवी तेवढ्याच लांबीचा साधा चाकू मात्र दुकानात मिळत राहिला. भेद पात्याचा नव्हता, उघडण्याच्या पद्धतीचा आणि तिच्याशी जोडलेल्या प्रतिमेचा होता.

ब्रिटनने पुढे थेट नावालाच हात घातला. तेथील १९९७ च्या चाकूविषयक कायद्यानुसार, चाकू लढाईसाठी योग्य आहे असे सुचविणारी किंवा हिंसेस उत्तेजन देईल अशी जाहिरात करून तो विकणे हा गुन्हा आहे; अशी सूचना चाकूला दिलेल्या नावातूनही होऊ शकते, हे कायद्याच्या शब्दांतच नमूद आहे. २०१६ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये 'झॉम्बी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या भडक चाकूंवर बंदी आली. त्या वेळच्या व्याख्येत पात्यावर किंवा मुठीवर हिंसा सुचविणारे शब्द वा चित्र असणे ही एक अट होती. परिणामी तेच चाकू शब्द व चित्रे वगळून विकले जाऊ लागले. अखेर सप्टेंबर २०२४ पासून शब्दांची अट काढून पात्याची लांबी व आकार यांवर आधारित बंदी लागू करण्यात आली.

या अनुभवातून दोन गोष्टी शिकता येतात. विक्रेत्याने मुद्दाम दिलेले चिथावणीखोर नाव रोखणे योग्य आहे, कारण ते नाव गिऱ्हाईकाला हिंसेचे स्वप्न विकते. परंतु केवळ नाव पुसल्याने पाते बोथट होत नाही. तेथील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या हत्यांविषयक अहवालांत धारदार साधनांमध्ये सर्वाधिक वेळा आढळते ती साधी स्वयंपाकघरातील सुरी; तिला कोणतेही भीषण नाव नाही आणि तिच्यावर बंदी घालणे शक्यही नाही. 'झॉम्बी' हे नाव व्यापाराने दिले, 'कोयता गँग' हे नाव वृत्तांनी दिले. पहिल्या नावाची झळ उत्पादकाला बसली. दुसऱ्या नावाची झळ कोणाला बसते, हा आपल्याकडील खरा प्रश्न आहे.

नावाची किंमत

महाराष्ट्राला नावाच्या कलंकाचा इतिहास नवा नाही. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. मुंबई इलाख्यात सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहतींत त्यांना ठेवले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. तरीही आजवर एखाद्या गावात चोरी झाली की संशयाची सुई प्रथम पारध्यांच्या पालाकडे वळते. कृतीचे नाव माणसांना चिकटले की ते कायद्याने पुसले तरी मनातून जात नाही, हा या इतिहासाचा धडा आहे.

कोयत्याच्या बाबतीत कलंक जमातीला लागलेला नाही, पण तो एका कामाच्या साधनाला लागत आहे. फडाकडे निघालेला मजूर सायकलला किंवा दुचाकीला कोयता अडकवून जातो, तेव्हा गाव ओळखीचे असेल तर कोणी थांबवीत नाही. मात्र हाच मजूर परजिल्ह्यातील असतो, शहराच्या वेशीवरून जाणाऱ्या रस्त्याने रात्री-अपरात्री प्रवास करतो आणि त्याच्यापाशी आपण कोण आहोत हे पटवून देणारा शब्द एकच असतो : 'आम्ही कोयतेवाले.' ज्या शब्दाने त्याने आजवर आपली ओळख सांगितली, तोच शब्द आता संशयाचा झाला आहे. घिसाड्याच्या पथारीलाही हीच अडचण येते. ओळखपत्र पाहून नोंद करण्याचा नियम दुकानदार पाळू शकतो. रस्त्याकडेला भात्यापाशी बसलेल्या कारागिराकडे वही नसते.

भयाच्या या वाटपात आणखी एक विसंगती आहे. दौंड शहरात राज्य राखीव पोलीस बलाच्या गटांची केंद्रे आहेत. तेथे रायफली आहेत, परंतु त्या गणवेशाच्या शिस्तीत असल्याने कोणास भय वाटत नाही व वाटण्याचे कारणही नाही. दुसरीकडे, ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत पोहोचला व डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. तथापि त्या प्रश्नाला 'कोयता गँग'सारखे चटकन तोंडी बसणारे नाव मिळाले नाही. कोयत्याने शहराला होणारी इजा सर्वांना ठाऊक झाली. कोयता चालविणाऱ्या हाताला होणारी इजा त्या मानाने अज्ञात राहिली.

महाविद्यालयीन शिक्षकांपुढील प्रश्न

शिरूर-दौंड परिसरातील महाविद्यालयांच्या वर्गात हे दोन्ही कोयते एकाच बाकावर बसलेले असतात. एका विद्यार्थ्याच्या घरी तोडीचा हंगाम सुरू असतो. त्याच्या शेजारचा विद्यार्थी भ्रमणध्वनीवर कोयता परजणाऱ्या मुलाची चित्रफीत पाहत असतो. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे गाव आणि शहर यांतील अंतर कमी झाले आहे, त्यामुळे शहरातील भय व आकर्षण दोन्ही येथे लवकर पोहोचतात. अशा वेळी शिक्षकाने केवळ 'हत्यारांपासून दूर राहा' असे सांगितल्यास ते पहिल्या विद्यार्थ्याला लागू पडत नाही आणि दुसऱ्याला पटत नाही.

या संदर्भात काही गोष्टी वर्गात करता येण्याजोग्या आहेत. भाषेच्या तासाला अशा बातम्यांच्या मथळ्यांचे वाचन घेऊन कर्ता कोण, कृती कोणती आणि साधन कोणते, हे वेगळे करून दाखविता येते. 'कोयता गँगचा धुमाकूळ' आणि 'तिघांनी दुकानदाराला मारहाण करून लुटले' या दोन मथळ्यांतील फरक विद्यार्थ्यांना सहज उमगतो; पहिल्यात गुन्हेगाराला बिरुद मिळते, दुसऱ्यात फक्त गुन्हा सांगितला जातो. राज्यशास्त्र किंवा विधीच्या तासाला वर सांगितलेली कायद्याची तीन रूपे उदाहरणांसह समजावता येतील. केक कापण्याची चित्रफीत हीसुद्धा गुन्ह्याची नोंद होण्यास पुरेशी ठरते, हे अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. समाजशास्त्र व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिसरातील तोडणी टोळ्यांच्या कामाची, उचलीची आणि मजुरीची माहिती प्रत्यक्ष भेटीतून घेता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत घिसाडी व लोहार यांच्या कारागिरीची नोंद करणेही उपयुक्त ठरेल. ज्याने कोयता घडताना आणि राबताना पाहिला आहे, त्याला तो मिरवण्याची वस्तू वाटण्याचा संभव कमी.

समारोप

'सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी पोटात खुपसून घेत नाही', असे मराठी म्हण सांगते. नाव आणि मोल कितीही मोठे असले तरी सुरी ती सुरीच, एवढा विवेक लोकभाषेने फार पूर्वी जपला होता. प्रस्तुत विवेचनातून त्याचीच दुसरी बाजू पुढे येते : नाव कितीही भयानक झाले तरी अवजार ते अवजारच असते, आणि त्याचे शस्त्र होणे हे ते धरणाऱ्या हातावर व त्या हाताच्या हेतूवर अवलंबून असते. भारतीय कायद्याने हा भेद बऱ्याच अंशी मान्य केला आहे. वृत्तभाषेने व सामान्य बोलण्याने तो अद्याप पुरेसा मानलेला नाही.

हल्लेखोरांवर कठोर कारवाई व्हावी, मनाई आदेश पाळले जावेत, अल्पवयीन मुलांना या वाटेवरून परत आणावे, यांविषयी वाद असण्याचे कारण नाही. मात्र गुन्ह्याला नाव देताना ते कृतीवरून द्यावे, साधनावरून देऊ नये. त्यामुळे दहशत माजविणाऱ्याचे बिरुद काढून घेतले जाईल आणि ज्यांच्या संसाराचे मापच 'कोयता' आहे, त्यांचा शब्द त्यांना परत मिळेल. येत्या हंगामात मुकादम पुन्हा विचारेल, 'किती कोयते आहेत?' त्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या जोडप्याला आपल्या नावाची लाज किंवा धास्ती वाटू नये, एवढी जबाबदारी शब्द वापरणाऱ्या व शब्द शिकविणाऱ्या सर्वांवर आहे.